की

हिवरडोहच्या ग्रामपंचायतीत
टेबलामागे एक निळा फलक आहे,
त्यावर ऑइलपेंटने सरपंचांची नावं.
पासून. पर्यंत.
सातव्या ओळीत मनोहर पेंटरने
'पर्यंत'खाली जागा सोडली होती,
अविश्वास ठरावानंतर ती कोणी भरलीच नाही.
त्या हिशेबाने नत्थूजी भोंगाडे
मेल्यावरही अकरा वर्षं सरपंच आहेत.

हा फलक मला माहितीकोशात उतरवायचाय.
कोश सगळ्यांचा. कोणीही भरावं, कोणीही खोडावं.
मी इथला संगणक परिचालक,
दाखले मागणारे गेले की बसतो.

पहिल्याच ओळीला अडलो:
सरपंच ही एकच नोंद करायची,
की गावागणिक एक?
ब्रह्मपुरीची मृण्मयी म्हणाली, एकच ठेव,
बाजूला गावाचं नाव लाव,
नाहीतर हजारो खुर्च्या मांडत बसशील
लग्नमंडपासारख्या.
आंबेटोल्याचे पुंजाराम मास्तर म्हणाले, काहून गा?
आमची खुर्ची आमची.
तुमच्या गटातून फुटून आलो तेव्हा
सुतारालेच सांगून बनवली.
त्याच्या आधी आमचं कोण होतं, ते लिव्ह पहिले.

मग यमुनाबाई पेंदोर.
नाव भरलं, तारीख भरली, कुठे काही अडलं नाही.
अडलं ते देवरावचं.
फोन तो उचलतो, 'हाव, सरपंच बोलतो',
खुर्चीच्या पाठीवर त्याचा दुपट्टा.
सरपंचाच्या बायकोला गाव सरपंचीण म्हणतं,
बाई सरपंच झाली तर नवऱ्याला काय म्हणावं
हे भाषेनं ठरवलं नाही, बरं केलं.
मी त्याच्यासाठी रकाना केला नाही.
माझ्या हातात तेवढंच होतं.

(माझ्या स्वतःच्या पदाचं मी कोणालाच विचारलं नाही.
मार्चपासूनचं मानधन यायचंय.)

घरी जाताना सायकलची चेन पडली,
ती बसवता बसवता सुचलं
की हे काम आपल्याकडे कधीचंच झालेलं आहे.
पाटील गेला, पाटीलकी राहिली.
कोतवाल पिऊन पडला,
कोतवालकी शुद्धीवर होती.
एक अक्षर माणसामागे लावायचं
आणि माणूस सुटतो.
मृण्मयीला कळवलं: माणसाची एक नोंद,
'की'ची एक, गावागणिक,
दोघांमध्ये तारखांचा दोर.
तिने एवढंच विचारलं,
सरपंचकी असा शब्द आहे का?
म्हटलं, आता आहे.

एवढं ठरलं आणि डोमाजी गायकी आठवला.
सकाळी आखरावर गावची ढोरं गोळा करायचा,
कोणती गाय कोणाच्या बांधीत शिरते
ते तिच्या मालकाआधी त्याला ठाऊक.
ढोरामागे वर्षाला ठरलेल्या पायल्या धान.
त्याच्या कामाला नव्हे,
त्यालाच गाव गायकी म्हणायचं.
'की' आधीच आत जाऊन बसलेली,
सोडवायला गेलो
तर हातात नुसती गाय उरते.

तो निवडून आला नव्हता. नेमला नव्हता.
आधी त्याचा बाप होता, बापाआधी कोण ते अज्ञात.
त्याच्यानंतर कोणी नाही.
कोशात 'अज्ञात'ची खूण वेगळी
आणि 'कोणी नाही'ची वेगळी,
हे मला वाचून माहीत होतं,
वापरायची वेळ त्या दिवशी आली.

दुसऱ्या दिवशी पुंजाराम मास्तरांनी ते खोडलं.
हे काही सार्वजनिक पद नोहे. पुरावा?
मी परत टाकलं,
पुरावा म्हणून आखराचा जुना नकाशा जोडला.
तिथे आता पाण्याची टाकी आहे,
पण बाया अजून म्हणतात, आखरावर भेट.

मास्तरांनी अजून पुन्हा खोडलेलं नाही.
धानाची कापणी चालू आहे.
वेळ मिळाला की.